लढवय्याची झोप : क्लास कधी बदलायचा, याच्या हिशोबाच्या नोंदी

४ मे

बाल्डर्स गेट हा कॉम्प्युटर गेम पुन्हा सुरू केला. पहिला भाग १९९८ चा, पण मी खेळतेय त्यात पुढच्या वर्षी आलेली जोडकथाही आहे. याआधी दोनदा अर्ध्यावर सोडला होता आणि दोन्ही वेळा कारण एकच. लढवय्या घेतला, मध्येच हौस आली, त्याला जादूगार केलं. मग ना धड तलवार ना धड मंत्र अशा अवस्थेत इतके दिवस गेले की कंटाळून बंद केला.

या वेळी आधी हिशोब, मग बटण. स्प्रेडशीट उघडली आहे. प्रश्न एकच आहे: पहिला क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, कोणत्या लेव्हलला सोडायचा?

नियम आधी लिहून ठेवते, कारण डोक्यात ठेवले की घोळ होतो. हा गेम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीवर चालतो. त्यात माणसाला ड्युअल-क्लास होता येतं, म्हणजे एक क्लास सोडून दुसरा घेता येतो; एल्फसारख्या बाकीच्या जातींना नाही. जुन्या क्लासचा मुख्य गुण किमान १५ आणि नव्याचा किमान १७ हवा. म्हणजे लढवय्याचा जादूगार करायचा तर ताकद १५ आणि बुद्धी १७. बटण दाबलं की नव्या क्लासची पहिली लेव्हल, एक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांवर लेव्हल वाढते) शून्य. जुना क्लास झोपतो. त्याचा नेम, त्याची शस्त्रं, त्याचं चिलखत, सगळं बंद. नवा क्लास जुन्याच्या पुढे गेला की जुना जागा होतो आणि मग दोन्ही एकदम वापरता येतात. परत जुन्याकडे जाऊन त्याच्या लेव्हल वाढवणं मात्र कायमचं संपलं.

एक गोष्ट जात नाही: रक्त. आधी कमावलेले हिट पॉइंट तसेच राहतात. फक्त नवा क्लास जुन्याच्या पुढे जाईपर्यंत त्यात भर पडत नाही.

क्लासची नावं मी मराठीत लिहितेय. उगाच शुद्धतेचा हट्ट नाही. जादूगाराचा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला तर ‘मेज’ होतो आणि तीन ओळींनंतर मलाच लिहिण्याचं टेबल दिसायला लागतं.

५ मे

एक्सपीचे तक्ते भरले. लढवय्या: दुसऱ्या लेव्हलला २,०००, मग ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, सातवीला ६४,०००, आठवीला १,२५,०००, नववीला २,५०,०००. तिथून पुढे प्रत्येक लेव्हलला सरळ अडीच लाख. म्हणजे तेरावी साडेबारा लाखांना.

जादूगार: २,५००, ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,०००, सातवी ६०,०००, आठवी ९०,०००, नववी १,३५,०००, दहावी २,५०,०००. नंतर मोठ्या उड्या: अकरावी ३,७५,०००, बारावी ७,५०,०००, तेरावी ११,२५,०००, चौदावी १५,००,०००.

आकडे समोर आल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही की लढवय्याची शेवटची एक लेव्हल आधीच्या सगळ्या लेव्हलइतकी महाग असते. सहावीहून सातवीला जायला ३२,००० लागतात आणि पहिलीपासून सहावीपर्यंत यायलाही ३२,०००च. तेवढ्यात नवा जादूगार पाचवी ओलांडून सहावीच्या वाटेवर असतो. ‘अजून एकच लेव्हल घेते आणि मग बदलते’ हे वाक्य म्हणून धोक्याचं. आधीच्या दोन्ही वेळी मी ते किमान चारदा म्हटलं असेल.

शीटमध्ये तीन रकाने केले: बदलापर्यंतचे एक्सपी, झोपेचे एक्सपी, उरलेले एक्सपी. या भागात एक्सपीला कमाल मर्यादा आहे, १,६१,०००. दोन्ही क्लास मिळून. तिच्या पलीकडे कितीही राक्षस मारा, काही मिळत नाही.

७ मे

शीट म्हणते सातवी. सातव्या लेव्हलला लढवय्याला प्रत्येक फेरीत अर्धा हल्ला जास्त मिळतो, म्हणजे दोन फेऱ्यांत एक. ६४,००० ला बदल, मग जादूगाराला ६०,०००, एकूण १,२४,०००, उरले ३७,०००. चांगलं वाटतंय.

नायिकेचं नाव वज्रा. ताकद १८, बुद्धी १८, काटकपणा १८. फासे किती वेळा टाकले ते लिहीत नाही.

१० मे

धाकटा भाऊ येऊन स्क्रीनकडे बघत उभा राहिला.

“ताई, तू खेळतेयस का कर भरतेयस?”

त्याचा स्वतःचा खेळ आधीपासून चालू आहे. त्याने एल्फ घेतलाय, लढवय्या आणि जादूगार दोन्ही पहिल्या दिवसापासून. याला मल्टी-क्लास म्हणतात आणि हे माणसांना जमत नाही. मिळालेले एक्सपी दोन्ही क्लासांत निम्मे निम्मे वाटले जातात, झोप वगैरे काही नाही.

“शेवटी तुझं काय होणार?” मी विचारलं.

“काय माहीत. होईल काहीतरी.”

त्याच्या नावाची ओळ शीटमध्ये घातली. १,६१,००० चे निम्मे ८०,५००. त्यात लढवय्या सातवी लेव्हल आणि जादूगारही सातवी. माझ्या वज्राचं शेवटी जे होणार, जवळजवळ तेच, आणि त्याला एकही दिवस झोपावं लागणार नाही. रक्त कमी असेल, कारण मल्टी-क्लासमध्ये हिट पॉइंटही निम्मे निम्मे मिळतात. पण तरी.

त्याला हे सांगितलं नाही.

१४ मे

नॅशकेलच्या खाणी संपवल्या. सगळे सुतासारखे सरळ चालले आहेत. पार्टी सहा जणांची. इमोएन पहिल्यापासून सोबत आहे, ती चोर (सापळे काढणं, कुलपं उघडणं तिचं काम), आणि तिची बुद्धी १७, चापल्य १८. म्हणजे तिलाही जादूगार करता येतं. शीटमध्ये तिच्यासाठी वेगळं पान केलं. चोराचे एक्सपी स्वस्त असतात: सहावी २०,०००, सातवी ४०,०००, आठवी ७०,०००.

१९ मे

इमोएन सातव्या लेव्हलला पोचली. बदलली. शीटनुसार तिला ६०,००० हवेत, म्हणजे पार्टीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकूण एक लाख आले की तिच्यातला चोर जागा होईल. तोवर डरलॅगच्या मनोऱ्याकडे फिरकायचं नाही असं ठरवलं. तो मनोरा म्हणजे सापळ्यांचं संग्रहालय आहे, दारात सापळा, जिन्यात सापळा, पेटीत तर आहेच.

बदलल्याबरोबर तिच्या हातातलं धनुष्य गेलं. जादूगाराला धनुष्य चालत नाही. गोफण दिली. आठवडाभर तिच्याकडे बघून वाईट वाटणार आहे.

२४ मे

वज्रा सातवी. बटण दाबायच्या आधी सेव्ह केलं, नाव दिलं ‘उंबरठा’. दाबलं.

चिलखत उतरवलं, लांब तलवार पेटीत टाकली, हातात काठी. पुढच्या रांगेतून उचलून मागे उभी केली. रक्त मात्र लढवय्याचंच आहे, त्यामुळे पहिल्या लेव्हलचा जादूगार असतो तशी ती फुंकर मारली की पडणारी नाही. हा फायदा मी कमी लेखला होता. उशिरा बदलण्याच्या बाजूने खरा मुद्दा कुठला असेल तर हाच: झोपेच्या काळात मरायची भीती कमी. या गेममध्ये नायिका मेली की खेळ संपतो, बाकी कोणी मेलं तर देवळात नेऊन उठवता येतं. म्हणून सोबत्याला लवकर बदललं तर चालतं. स्वतःला बदलताना अंगात रक्त हवं.

२ जून

डरलॅगचा मनोरा. एकूण एक लाख भरले तेव्हा आम्ही बरोबर दारात होतो. मुहूर्त साधल्यासारखं वाटलं. इमोएनची सातवी लेव्हल घेतली.

काही झालं नाही. सापळे शोधायचं बटण आलं नाही. धनुष्य अजूनही लाल.

आधी वाटलं गेममध्ये दोष असेल. पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. मग नियम परत वाचला आणि पोटात गोळा आला. नवा क्लास जुन्याच्या पुढे जायला हवा. बरोबरीला येऊन भागत नाही. चोर सात, तर जादूगार आठ. ४ मे रोजी मी स्वतःच ‘पुढे गेला की’ असं लिहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी शीटमध्ये सूत्र बरोबरीचं घातलं.

म्हणजे इमोएनला ६०,००० नाही, ९०,००० हवेत. ती एकूण १,३०,००० ला जागी होईल. आणि वज्रा? ६४,००० अधिक ९०,०००: १,५४,०००. मर्यादा १,६१,०००. माझी ३७,००० ची चैन होती, ती ७,००० वर आली.

सूत्रात एक ‘+१’ राहिला. बस्स.

३ जून

नुकसान मोजलं. सहाव्या लेव्हलला बदललं असतं तर ३२,००० अधिक सातवीचे ६०,०००, म्हणजे ९२,००० ला जाग आणि ६९,००० उरले असते. खेळाचा ४३ टक्के भाग दोन्ही क्लास हातात घेऊन. पाचवीला बदललं असतं तर १६,००० अधिक ४०,०००, उरले १,०५,०००, म्हणजे ६५ टक्के. सातवीला झोप खेळाच्या ५६ टक्के आणि जागेपण ४ टक्के. त्या चार टक्क्यांसाठी मिळतो अर्धा हल्ला.

दुसरी चूक शीटची नाही, माझी. दोन पानं केली, इमोएनचं एक आणि वज्राचं एक, पण दोन्ही झोपा शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत. ६४,००० पासून १,३०,००० पर्यंत आमच्यातल्या दोघी एकाच वेळी झोपलेल्या आहेत. एक पुढची तलवार, एक सापळे काढणारी. सहांची पार्टी कागदावर सहांची. खरं तर चार लढणारे आणि दोन शिकाऊ.

आता ‘पार्टी’ नावाचं तिसरं पान आहे. त्यात फक्त एवढंच: कोण कधी झोपलंय. एकाच वेळी दोन ओळी भरल्या की रकाना रंगीत होतो.

५ जून

“उंबरठ्यावरचं सेव्ह आहे ना, मग जा मागे,” धाकटा म्हणाला.

जाऊ शकते. पण त्यात दहा दिवसांचं खेळणं जाईल. शिवाय मागे गेले तरी वज्रा सातवीच आहे, सहावी नाही; उंबरठा मी चुकीच्या दारापुढे बांधलाय. त्याने अजून एक सांगितलं ते मात्र कामाचं निघालं.

“सहा जणं कशाला ओढतेस? चौघंच घेऊन जा.”

एक्सपी हजर असलेल्यांत समान वाटले जातात. मुटामिनच्या बागेतला मोठा बॅसिलिस्क ७,००० चा. सहांत वाटला तर प्रत्येकी १,१६६, चौघांत १,७५०. लढाई अवघड होते, पण झोपेची लांबी एक्सपीत मोजायची, मारलेल्या राक्षसांत नाही, हे मला एवढे आकडे मांडूनही सुचलं नव्हतं. दोघांना निरोप दिला. त्यातला एक जाता जाता फार लागेल असं बोलला. गेमने लिहून ठेवलेलं वाक्य आहे हे माहीत असूनही लागलं.

९ जून

मनोऱ्याच्या वरच्या भागात पुजाऱ्याच्या मंत्रावर निभावलं. दुसऱ्या पातळीचा एक मंत्र सापळे दाखवतो, काढत मात्र नाही. त्यामुळे लाल चौकोन बघायचा आणि त्याला वळसा घालायचा. जिथे वळसा नाही तिथे सगळ्यात जास्त रक्त असलेल्याने पाय द्यायचा. सगळ्यात जास्त रक्त वज्राचं. झोपलेल्या लढवय्याचा हा एक उपयोग.

तळघरांत उतरायचं धाडस केलं नाही. बाहेर पडून दुसरीकडची राहिलेली कामं उरकतेय.

१५ जून

इमोएन जागी. १,३०,००० ला, बरोब्बर. धनुष्य परत दिलं. आता तीच फायरबॉल टाकते आणि तीच कुलूप उघडते, आणि मला पहिल्यांदा कळलं की लोक एवढा त्रास का घेतात. आता खुशाल मनोऱ्याच्या तळाला.

१८ जून

धाकट्याच्या मित्रमंडळात टेबलावरचा खेळ सुरू झालाय, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. त्यांच्यातला एकजण चौथ्या लेव्हलचा लढवय्या आहे आणि त्याला जादू शिकायचीये. माझी शीट वापरू का म्हणून विचारत होता. नाही चालणार, कारण तिथे झोपच नाही. प्रत्येक लेव्हलला कुठला क्लास घ्यायचा ते नव्याने ठरवायचं, अट एवढीच की दोन्ही क्लासांचे मुख्य गुण किमान १३ हवेत. जुनं काही बंद पडत नाही.

मग किंमत कुठे? उशिरात. लढवय्याला पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळतो, ६,५०० एक्सपीला. त्याच्या आधी एक लेव्हल जादूगाराची घेतली तर तो दुसरा हल्ला सहाव्या लेव्हलला येतो, १४,००० ला. दोन घेतल्या तर २३,००० ला. तोवर सोबतचे सगळे दुप्पट मारत असतात. तिथला सल्ला सोपा आहे: आधी पाचवी पूर्ण कर, मग काय ते शिक. भाऊ म्हणाला, “हे तर मीही सांगितलं असतं.” सांगितलं असतंच. त्याने नाही तर शीटने.

जपानी खेळांत तिसराच प्रकार दिसतो. १९८८ च्या ड्रॅगन क्वेस्ट ३ मध्ये विसाव्या लेव्हलनंतर देवळात जाऊन पेशा बदलता येतो. लेव्हल परत एक होते, गुण निम्मे होतात, पण शिकलेले मंत्र राहतात. तिथे थांबण्यात एक लोभ आहे: जितके गुण जास्त तितकं त्यांचं निम्मंही जास्त. आपल्याकडे तसं नाही. झोपलेला लढवय्या जिथे थांबला तिथेच थांबतो, पुढे कधीही वाढत नाही.

२६ जून

वज्रा १,५४,००० ला जागी झाली. काठी फेकली, तलवार काढली. उरलेले ७,००० दोन संध्याकाळींत संपले. शेवटच्या लढाईला मर्यादेला टेकूनच गेलो.

जिंकलो. छान वाटलं. पण वज्राबद्दल प्रामाणिकपणे लिहायचं तर या खेळात ती बहुतेक वेळ काठी घेऊन मागे उभी असलेली बाई होती.

३० जून

आता दुसरा भाग, २००० सालचा. इथे मर्यादा २९,५०,०००. त्याच्या पुढच्या वर्षीची जोडकथा धरली तर ८०,००,०००. वज्राला तशीच पुढे नेता येईल, लढवय्या सात आणि जादूगार आठ, दोन्ही जागे. पण मला हिशोब पुन्हा करायचाय आणि या वेळी ‘+१’ सकट, म्हणून नवीन नायिका घेतली: दामिनी, केन्साई. केन्साई हा लढवय्याचाच एक उपप्रकार. चिलखत नाही, धनुष्य नाही, पण दर तीन लेव्हलला नेम आणि मार एकेकाने वाढतो. चिलखत नसलेला माणूस जादूगार व्हायला जन्मलेलाच. एरवी जादूगार झाल्यावर जे सोडावं लागतं ते याच्याकडे मुळात नसतंच.

नवीन पात्र इथे ८९,००० एक्सपीने सुरू होतं, म्हणजे सातव्या लेव्हलला.

या गेमबद्दल जिथे विचारावं तिथे दोन उत्तरं मिळतात: नऊ किंवा तेरा. दोन्ही शीटमध्ये घातली.

नऊ: अडीच लाखांना बदल, जादूगाराची दहावीही अडीच लाखांना, एकूण पाच लाखांना जाग. झोप खेळाच्या साडेआठ टक्के. उरले साडेचोवीस लाख.

तेरा: साडेबारा लाखांना बदल, चौदावीला पंधरा लाख, एकूण साडेसत्तावीस लाखांना जाग. उरले दोन लाख.

मधल्या साडेबावीस लाखांत मिळतं काय? नेम चारने सुधारतो. बारा हिट पॉइंट, कारण नवव्यानंतर लढवय्याला लेव्हलमागे तीनच मिळतात. शस्त्रातला एक तारा, म्हणजे त्या शस्त्रातल्या कौशल्याचा एक गुण. बाराव्या लेव्हलला केन्साईची मार आणि नेमातली अजून एक भर. आणि तेराव्याला तो प्रसिद्ध अर्धा हल्ला. वाईट नाही. पण अर्ध्याहून जास्त खेळ झोपून काढायचा?

आणि धाकट्याचा एल्फ आठवला. २९,५०,००० चे निम्मे १४,७५,०००: लढवय्या तेरा, जादूगार तेरा. तेराला बदललेल्या दामिनीचं शेवटी होणार तेरा आणि चौदा. एका लेव्हलचा फरक, आणि तो एक दिवसही न झोपता तिथे. दामिनीच्या बाजूने राहतात ते शस्त्रातले पाच तारे (मल्टी-क्लासला दोनच घेता येतात), भरपूर रक्त आणि केन्साईची भर. तेवढ्यासाठी तेरा नको. नऊला बदललं तर मात्र शेवटी जादूगार सतराव्या लेव्हलला असतो, त्याला एल्फ गाठू शकत नाही.

नऊ ठरलं.

१ जुलै

एक रकाना राहिला होता. शेवट ऐंशी लाखांचा धरला तर? तेराची झोप तेवढीच, पंधरा लाख, पण आता ती एकोणीस टक्क्यांहून थोडी कमी. जागी झाल्यावर साडेबावन्न लाख उरतात. अखेरीस जादूगार अठ्ठावीस. नऊला बदललं असतं तर तीस. अठ्ठावीस आणि तीसमध्ये मला तरी फरक जाणवणार नाही, अर्धा हल्ला मात्र जाणवेल. म्हणजे तेरा म्हणणारे चुकीचे नव्हते, ते लांबचा खेळ खेळत होते. नियम तेच, पात्र तेच, फक्त शेवट कुठे धरला त्यावर उत्तर बदललं.

मी पहिल्या मर्यादेपर्यंतच खेळणार आहे. नऊ.

११ जुलै

अॅथकात्ला शहरात अॅडव्हेंचरर मार्ट या दुकानावर पैसे उधळले. स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, गोळा करतेय. दुसऱ्या भागात स्क्रोलवरून मंत्र शिकला की मंत्राच्या पातळीमागे हजार एक्सपी मिळतात, आणि ते शिकणाऱ्याचेच, वाटले जात नाहीत. झोप कमी करायचा याहून स्वस्त उपाय नाही. बुद्धी १८ असेल तर शिकण्याची शक्यता ८५ टक्के, फसला की स्क्रोल जळून गेला.

सापळ्यांसाठी जॅन जॅन्सन घेतलाय. बुटका, बडबड्या, चोर आणि भ्रमजादूगार मल्टी-क्लास. त्याला झोप नाही. ‘पार्टी’चं पान पांढरं आहे. नालियाही सोबत आहे, ती तर चौथ्या लेव्हलला चोरी सोडून जादूगार होऊनच येते. तिच्या त्या चार लेव्हलवर गेमभर साधं एक धड कुलूप उघडेल की नाही शंका. लवकर बदलण्यालाही टोक असतं.

१७ जुलै

दामिनी नववी. सात तारे: पाच कटानाला, दोन दोन्ही हातांत शस्त्र धरण्याच्या शैलीला. सेव्हचं नाव या वेळी ‘नऊ अधिक एक’.

बटण दाबलं आणि तिथेच सरायच्या टेबलावर स्क्रोल उघडले. पहिल्या पातळीचे आठ शिकली: ८,०००, लेव्हल तीन. दुसऱ्या पातळीचे सहा: एकूण २०,०००, लेव्हल पाच. तिसऱ्या पातळीचे सात: ४१,०००, लेव्हल सहा. चार स्क्रोल फसले, एक त्यातला महाग होता. खोलीच्या बाहेर पाऊल न टाकता सहा लेव्हल. आधीच्या खेळात वज्राला इथे यायला दहाएक दिवस लागले होते.

२९ जुलै

मधलं काही लिहिण्यासारखं नाही. दामिनी मागे उभी राहून मंत्र टाकत होती, कंटाळा आला नाही. झोप छोटी असली की ती झोप वाटतच नाही, नवा क्लास शिकण्याचे दिवस वाटतात.

२ ऑगस्ट

दहावी. तारे परत आले, कटाना परत हातात. सुरुवातीपासून सोबत असलेल्यांचे एक्सपी पाहिले: ४ लाख ५९ हजारांच्या आसपास. शीटमध्ये पाच लाख होते. फरक स्क्रोलांचा.

धाकटा मागे उभा होता. त्याच्या एल्फने परवा जोडकथा चालू केली.

“ताई, ती शीट पाठव. मीही माणूस घेऊन बघतो, ऐंशी लाखांपर्यंत.”

“नऊची ओळ वापर.”

“तेराची राहू दे.”

पाठवली. ‘+१’ असलेल्या रकान्याला लाल रंग दिला आहे आणि त्याला कुलूप लावलं आहे.